सोलापूर आणि पुण्याच्या उत्पन्नातली दरी: आकडा कसा वाचायचा, आणि ती मिटत का नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात, नोकरी पुण्यात. पुस्तकात वाचलं की गरीब प्रदेश श्रीमंत प्रदेशापेक्षा वेगाने वाढतो आणि दरी हळूहळू बुजते. मग सोलापूर पुण्याच्या जवळ का सरकत नाही? दरडोई उत्पन्न पुण्याच्या निम्मंच आहे असं सगळे म्हणतात, त्यावर किती विसंबायचं? आणि हे स्वतः कसं तपासायचं?

यात तीन वेगळे प्रश्न गुंतलेत. आकडा नेमकं काय मोजतो, दरी वाढतेय की घटतेय हे कसं ठरवायचं, आणि ती टिकून का राहते. तिसऱ्यावर सगळ्यांची मतं तयार असतात. पहिल्या दोनकडे कुणी बघत नाही, आणि बहुतेक वाद तिथेच फसतात. म्हणून आधी आकड्याकडे वळतो.

जिल्ह्याचं उत्पन्न राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढतं. अर्थसंकल्पाच्या तोंडावर दरवर्षी येणाऱ्या 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी'त ते जिल्हावार तक्त्यात मिळतं. तुम्हाला जी लांब मालिका लागेल तिचं पायाभूत वर्ष २०११-१२ आहे. या आकड्यात जिल्ह्याच्या हद्दीत किती मूल्यवर्धन झालं, म्हणजे विक्रीकिमतीतून कच्चा माल आणि वीज यांसारखे खर्च वजा जाता किती उरलं, एवढंच मोजलेलं असतं. ते कुणाच्या खिशात गेलं, कुठे खर्च झालं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुमचा पगार पुणे जिल्ह्याच्या नावे पडतो. त्यातून तुम्ही दरमहा घरी पाठवता ती रक्कम सोलापूरच्या उत्पन्नात कुठेच दिसत नाही. त्या पैशातून जुळे सोलापुरात घर बांधलं, तर बांधकामातलं मूल्यवर्धन तेवढं सोलापूरच्या खात्यात.

उलटही होतं. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या फताटेवाडीचा एनटीपीसीचा औष्णिक प्रकल्प घ्या. प्रत्येकी ६६० मेगावॅटचे दोन संच, म्हणजे १,३२० मेगावॅट. तो सुरू झाला आणि जिल्ह्याच्या उत्पन्नात वीजनिर्मितीची एक मोठी नोंद वाढली. पण कोळसा बाहेरून येतो, वीज ग्रिडमध्ये जाते. विजेच्या किमतीतून कोळसा आणि इतर खर्च वजा जाता जे उरतं, त्यातला मोठा भाग घसारा (यंत्रांची वर्षागणिक झीज), कर्जाचं व्याज आणि नफा या वाटांनी जिल्ह्याबाहेर जातो. एवढ्या भांडवलाच्या मानाने कायमच्या नोकऱ्या फार थोड्या. दरडोई उत्पन्न वाढलं, पण आजूबाजूच्या घरांतलं उत्पन्न त्या प्रमाणात वाढलं असं समजू नका. म्हणून स्थूल आणि निव्वळ या दोन तक्त्यांपैकी निव्वळचा तक्ता घ्यावा. त्यात घसारा तरी वजा झालेला असतो. व्याज आणि नफ्याची गळती मात्र त्यातही तशीच राहते.

आता दरडोई आकड्याचा छेद, म्हणजे ज्याने भागायचं ती लोकसंख्या. ही बाजू सर्रास दुर्लक्षिली जाते. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्हा ४३.१८ लाखांचा होता. २००१ मध्ये तो ३८.५ लाख होता, म्हणजे दहा वर्षांत सुमारे १२ टक्के वाढ. त्याच काळात राज्य १६ टक्क्यांनी वाढलं आणि पुणे जिल्हा ३० टक्क्यांनी. सोलापूर शहर ८.७२ लाखांवरून ९.५१ लाखांवर गेलं, म्हणजे जेमतेम ९ टक्के. पिंपरी-चिंचवड मात्र सुमारे १० लाखांवरून १७ लाखांच्या पुढे. जन्म-मृत्यूचं प्रमाण जवळजवळ सारखं असताना एवढा फरक पडतो तो माणसं हलतात म्हणून. २०११ नंतरचे दरडोई आकडे अंदाजित लोकसंख्येने भागलेले आहेत. जो सोलापूर सोडून पुण्याजवळच्या वाकडला राहायला गेला, तो या अंदाजात कधी सोलापुरातच मोजला जातो. त्यामुळे सोलापूरचा आकडा असायला हवा त्यापेक्षा थोडा कमी, पुण्याचा थोडा जास्त दिसण्याकडे कल असतो. पुढची जनगणना २०२७ ची आहे. तिचे आकडे आले की मागची दरडोई मालिका बदलेल आणि वर्तमानपत्रांत 'दरी अचानक कमी झाली' असं छापून येईल. तेव्हा गोंधळून जाऊ नका.

आणखी एक अडचण. रेल्वे, बँका, विमा, केंद्र सरकारचं प्रशासन अशा क्षेत्रांचं मूल्यवर्धन आधी देशपातळीवर काढून राज्यांना वाटलं जातं आणि तिथून कुठल्या ना कुठल्या निकषावर जिल्ह्यांपर्यंत येतं. तो मोजलेला आकडा नसतो, वाटून आलेला असतो. म्हणून दोन जिल्ह्यांत पाच-सात टक्क्यांचा फरक असेल तर त्यावर मत बनवू नये. सोलापूर-पुण्यातला फरक याच्या कितीतरी पलीकडचा आहे, त्यामुळे तो आकडेमोडीचा भास नाही, हेही तितकंच खरं.

आता दरी वाढतेय की घटतेय. इथे नियम अगदी साधे आहेत, पण पाळले जात नाहीत. वेगाची तुलना करायची तर स्थिर किमतींचा, म्हणजे भाववाढ वगळलेला, तक्ता घ्या. चालू किमतींत साखर, डाळिंब, कांद्याच्या भावाची उसळी वाढ म्हणून मिरवते. एका वर्षावरून दुसऱ्या वर्षावर उडी मारू नका. दोन्ही टोकांना तीन-तीन वर्षांची सरासरी घ्या. सोलापूरच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण इथलं वार्षिक पर्जन्यमान सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि तेही लहरी. २०१२-१३, २०१५-१६, २०१८-१९, २०२३-२४ ही सगळी टंचाईची वर्षं. २०१२-१३ पासून मोजायला घेतलं की सोलापूरचा वेग डोळे दिपवणारा दिसतो, आणि शेवट २०२३-२४ ला केला की तोच जिल्हा थांबल्यासारखा वाटतो. २०२०-२१ तर दोन्ही टोकांना नकोच. टाळेबंदीत कारखाने आणि सेवा बसल्या, शेती चालू राहिली. त्या वर्षी शेतीवर जास्त टेकलेला जिल्हा पुण्याच्या जवळ आल्यासारखा दिसतो, पण सोलापूर पुढे सरकलं असं त्यातून निघत नाही. पुणे खाली आलं होतं, एवढंच.

फरक रुपयांत मोजू नका, गुणोत्तरात मोजा. का ते एका हिशोबात दिसतं. समजा सोलापूरचं दरडोई उत्पन्न दीड लाख आणि पुण्याचं तीन लाख. हे आकडे हिशोबासाठी धरलेत, खरे तक्त्यातून घ्या. सोलापूर दरसाल ७ टक्क्यांनी वाढलं आणि पुणे ६ टक्क्यांनी, म्हणजे पुस्तकात लिहिल्याप्रमाणे गरीब जिल्हा जास्त वेगाने. पहिल्या वर्षी सोलापूरला मिळाले १०,५०० रुपये, पुण्याला १८,०००. वेग जास्त असूनही रुपयांतली दरी साडेसात हजारांनी वाढली. ती जवळजवळ ५८ वर्षं वाढतच राहते, मग घटू लागते, आणि बरोबरी व्हायला सुमारे ७४ वर्षं लागतात. सोलापूरने ९ टक्के गाठले तर साधारण २५ वर्षं. तेव्हा 'दरी मिटत नाही' ही तुमची तक्रार आणि 'गरीब प्रदेश वेगाने वाढतो' हे पुस्तकातलं वाक्य, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. एका टक्क्याच्या आघाडीने एका आयुष्यात फार काही दिसत नाही.

इथवर आलात की दरी कशाची बनलीय ते उलगडून बघा. मला विचाराल तर सगळ्या उत्तरातला हा भाग सर्वांत उपयोगाचा. प्रत्येक जिल्ह्याचं मूल्यवर्धन शेती आणि बिगरशेती असं वेगळं करा, प्रत्येकाला त्या क्षेत्रातल्या कामगारांच्या संख्येने भागा. कामगारांची संख्या २०११ च्या जनगणनेत आहे. मुख्य (वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम असलेले) आणि सीमांतिक (त्याहून कमी काम असलेले) दोन्ही घ्यायचे, पण मग २०११-१२ चंच मूल्यवर्धन घ्या, वरचं २०२२-२३ चं आणि खालचं २०११ चं अशी सांगड घालू नका. मग असा हिशोब करा, पुन्हा धरलेल्या आकड्यांवर. पहिल्या जिल्ह्यात ६० टक्के माणसं शेतीत, दरमाणशी १ लाख, आणि ४० टक्के बिगरशेतीत, दरमाणशी ३ लाख. सरासरी १.८ लाख. दुसऱ्यात २० टक्के शेतीत, दीड लाख, आणि ८० टक्के बिगरशेतीत, ५ लाख. सरासरी ४.३ लाख. फरक अडीच लाखांचा. आता पहिल्या जिल्ह्याला फक्त दुसऱ्याची विभागणी द्या, उत्पादकता त्याची स्वतःचीच ठेवा. सरासरी २.६ होते, म्हणजे फरकातले ०.८ लाख विभागणीमुळे. उलट, विभागणी त्याची ठेवा आणि उत्पादकता दुसऱ्याची द्या. सरासरी २.९, म्हणजे १.१ लाख उत्पादकतेमुळे. उरलेले ०.६ दोन्ही एकत्र आल्यामुळे.

म्हणजे 'लोकांना शेतीतून बाहेर काढा, सगळं ठीक होईल' या सल्ल्याने या उदाहरणात दरीचा तिसरा हिस्साच भरून निघतो. सोलापूरला हे विशेष लागू आहे. हा जिल्हा नुसता शेतीचा कधीच नव्हता. १८७७ मध्ये इथे पहिली कापड गिरणी आली. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू यांच्या भोंग्यांवर शहराचं घड्याळ चालायचं. गिरण्या बंद पडल्यावर माणसं बिगरशेतीतच राहिली, यंत्रमागावर आणि विड्यांवर. क्षेत्र तेच राहिलं. माणशी मूल्यवर्धन आणि नोकरीची शाश्वती मात्र गेली.

टॉवेलचंच बघा. सूत बाहेरून घ्यायचं. त्यावर रंगाई, बीम भरणं, विणणं, कटिंग-शिलाई, पॅकिंग. टॉवेलच्या विक्रीकिमतीतला मोठा वाटा सूतच खातं. सूत, रंग, वीज वजा जाता जे राहतं तेच मूल्यवर्धन, आणि मजुरी, व्याज, मालकाचा नफा सगळं त्यातूनच. साध्या मागावर एक कामगार मोजकेच माग सांभाळू शकतो. रॅपिअर, म्हणजे वेगवान आधुनिक माग, आला की तोच कामगार तेवढ्याच पाळीत कितीतरी जास्त मीटर काढतो. पण रॅपिअरला भांडवल लागतं, अखंड वीज लागते, आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड बिघडलं की दुरुस्त करणारा माणूस गावात लागतो. तो बाहेरून येईपर्यंत माग उभा, आणि कर्जाचा हप्ता चालू. म्हणून छोटा मागवाला जुन्या मागावर टिकून राहतो. त्याच्या जागी बसून हिशोब केला तर त्याचं चुकत नाही. विड्यांचं तर याहून सरळ आहे. हजार विड्यांमागे मजुरी. हाताचा वेग वाढायला मर्यादा आहे, त्यामुळे उत्पादकता वर्षानुवर्षं तिथेच. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं ते चांगलंच झालं. पण सोलापूरचं नाव लावून दुसरीकडचा माल विकला जातो तिथे, बाजारात, ते मानांकन राबवल्याशिवाय मागवाल्याच्या हातात दोन पैसे जास्त पडत नाहीत.

आता तुमच्या मूळ शंकेकडे. पुस्तकातला युक्तिवाद अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांच्या १९५६ च्या प्रारूपावरून येतो. जिथे भांडवल कमी, तिथे लावलेल्या जास्तीच्या रुपयावर परतावा जास्त, म्हणून भांडवल तिकडे धावेल आणि तो प्रदेश वेगाने वाढेल. यात एक अट दडलेली असते, बाकी सगळं सारखं असेल तर. अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्डाल यांनी १९५७ मध्येच उलटी बाजू मांडली होती. एकदा एखादं केंद्र पुढे गेलं की ते आजूबाजूची माणसं, पैसा आणि धंदा ओढून घेतं. फायदे बाहेर झिरपतात, पण ओढ त्याहून जबर असू शकते. सोलापूर-पुण्यात दोन्ही चालू आहे. पुण्याजवळ चाकणला वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना टाकणाऱ्याला दहा किलोमीटरवर गिऱ्हाईक मिळतं, टूलरूम मिळते, फिटर मिळतो. सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत जमीन स्वस्त आहे, मजुरी कमी आहे, पण यातलं बाकी काही हाताशी नाही. जमिनीतली बचत एकदाच होते, गिऱ्हाईक दूर असल्याचा खर्च रोजचा असतो. त्यात पाणी. शहराला अनेक वर्षं चार-पाच दिवसांआड पाणी मिळत आलंय. पाण्यावर चालणाऱ्या रंगाईसारख्या धंद्याला ही एकच गोष्ट पुरते निर्णय फिरवायला.

मजुरीच्या बाजूनेही तेच. माणसं बाहेर गेली की मागे राहिलेल्यांची मजुरी वाढेल असं पुस्तक म्हणतं, आणि शेतमजुरीत ते काही प्रमाणात झालंही आहे. पण जातं कोण? शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून सुटणाऱ्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये एक फेरी मारा, उत्तर डब्यात बसलेलं दिसेल. सोलापुरातच अभियांत्रिकी शिकलेली मुलं पुण्यात कामाला. शिक्षणाचा खर्च सोलापूरच्या घरांनी केला, मूल्यवर्धन पुण्याला. त्या मुलांचं वैयक्तिक उत्पन्न वाढलं, आणि घरचंही. म्हणून आधीच ठरवा, तुम्हाला काळजी सोलापूरच्या माणसांची आहे की सोलापूर या जागेची. माणसांची असेल तर चित्र जिल्हा उत्पन्नाच्या तक्त्यापेक्षा बरं आहे. जागेची असेल तर तितकंसं नाही.

जिल्ह्याची सरासरीसुद्धा फसवते. अकरा तालुके आहेत आणि ते एका जिल्ह्याचे वाटत नाहीत. भीमेवरच्या उजनी धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला उपयुक्त साठा ५३ टीएमसीच्या आसपास, बाकी मृत. कालव्याच्या आणि भीमेच्या काठाने ऊस, त्यामागे साखर कारखाने. जिल्ह्यात कारखान्यांची संख्या राज्यात सर्वांत जास्त म्हणून ओळखली जाते. माळशिरस, माढा, पंढरपूरचं चांगल्या वर्षातलं उत्पन्न आणि मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या गावांचं किंवा अक्कलकोटच्या कोरडवाहू पट्ट्याचं उत्पन्न यांत जेवढं अंतर आहे, ते पाहिलं की 'सोलापूर मागास' हे वाक्य अर्धवट वाटतं. उजनी 'मायनस'मध्ये गेली, म्हणजे उपयुक्त साठा संपून पाणी मृत साठ्यात उतरलं, की मात्र कालव्याखालचा बागायतदारही पुढच्या हंगामात हलतो, कारण ऊस लावलेला असतो, गाळप घटतं आणि ऊसतोडीपासून वाहतुकीपर्यंत सगळी साखळी आखडते. सांगोल्याचं डाळिंब हे उलट उदाहरण. कमी पाण्यात एकरी उत्पन्न उसापेक्षा जास्त निघालं, पण तेल्या रोग आणि खोडकिडीने बागा काढाव्या लागल्या तेव्हा उत्पन्न एका झटक्यात पडलं. तालुकावार उत्पन्नाची नियमित मालिका तुम्हाला मिळणार नाही. तिथे ओलिताचं क्षेत्र, बिगरशेती कामगारांचं प्रमाण आणि घरांतल्या सोयी यांवरून अंदाज बांधावा लागतो.

सरकारी वर्गवारीबद्दल एक सांगायलाच हवं, कारण ती निधीच्या वाटपात उतरते. प्रशासनात सोलापूर पुणे विभागात. प्रादेशिक अनुशेषाच्या, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या तुटीच्या, हिशोबात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग पडले, त्यात सोलापूर 'उर्वरित'मध्ये, म्हणजे मुंबई-पुण्याच्या पंगतीला. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजला, पुढे १९९४ मध्ये राज्यघटनेच्या कलम ३७१(२) खाली विकास मंडळं आली. त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. या साऱ्यात चर्चा विदर्भ-मराठवाड्याभोवती फिरली. ते चुकीचं नव्हतं. पण अक्कलकोटच्या एका बाजूला धाराशिव, मराठवाड्यातला. दुसऱ्या बाजूला कर्नाटकातलं कलबुर्गी, जिथे कलम ३७१(जे) चं, म्हणजे त्या मागास भागासाठीच्या खास तरतुदींचं, संरक्षण आहे. मध्ये अक्कलकोट, पाऊस तोच, जमीन जवळपास तीच, आणि नाव मात्र पुणे विभागाचं. उद्योगांच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुकावार अ, ब, क, ड, ड+ अशी वर्गवारी आहे, त्यामुळे तिथे हा अन्याय बराच सौम्य होतो. विभागाच्या सरासरीवर आधारलेली कुठलीही तुलना मात्र मी बाजूला ठेवतो.

म्हणूनच पुण्याशी तुलना करून तुम्हाला चीड येईल, माहिती फारशी मिळणार नाही. सांगली, कोल्हापूर घ्या. ऊस तिथेही, सहकार तिथेही, इचलकरंजीत यंत्रमागही. मग फरक कुठे पडला ते नेमकं दिसतं: पाण्याची खात्री, कोल्हापूरच्या फाउंड्री, मागांचं आधुनिकीकरण. दुसऱ्या बाजूला लातूर आणि धाराशिव ठेवा. या चार-पाच जिल्ह्यांवर वरचा विभागणी-उत्पादकतेचा हिशोब एकदा करून पाहा. एका रविवारचं काम आहे.

पडताळणीसाठी इतर आकडे वापरताना त्यांचे खाचखळगे लक्षात ठेवा. वाहननोंदणी बघायची तर एमएच-१३ बरोबर अकलूजचं एमएच-४५ धरा, नाहीतर निम्मा जिल्हा सुटतो. जीएसटी नोंदणी मुख्य कार्यालयाच्या पत्त्यावर असते, त्यामुळे तो आकडा पुण्या-मुंबईकडे झुकतो. बँकांच्या ठेवी आणि कर्जांचे जिल्हावार आकडे रिझर्व्ह बँक देते. त्यात कर्ज कुठे मंजूर झालं आणि कुठे वापरलं गेलं असे दोन हिशोब असतात, तुम्हाला दुसरा हवा. घरगुती खर्चाचं राष्ट्रीय सर्वेक्षण जिल्हापातळीला पुरेसं नसतं, तिथून सोलापूरचा आकडा काढण्याच्या फंदात पडू नका. श्रमबळ सर्वेक्षणात जानेवारी २०२५ पासून नमुना जिल्हावार आखला जातो. त्याची दोन-तीन वर्षं साठली की २०११ च्या कामगारसंख्येवर अवलंबून राहण्याची गरज कमी होईल, आणि वरचा हिशोब पुन्हा नव्याने मांडता येईल.